संगणक बंद ठेवा, सर

सर, बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांच्या माझ्या लेखाखाली (पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, तर ६४ घरांत मिळून किती?) तुम्ही लिहिलंत: "गोष्ट शिळी आहे. १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ च्या शेवटी ५ आहे, म्हणजे ती मूळ संख्या नाही हे पोरालाही कळतं. बाकीचे अवयव संगणकाने ओकले, तुम्ही उतरवून घेतले. यात गणित कुठे आहे?"

शिळी तर शिळी. दाणे सोडा, आपली सोलापुरी चादर घ्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या, मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे फिरतात. एका पुठ्ठ्यावर ६४ जागा आहेत असं धरा (खऱ्या मागावर किती, हा कारागिरांचा विषय). प्रत्येक जागी भोक असेल किंवा नसेल. अशा सगळ्या तऱ्हांमधून कोरा पुठ्ठा तेवढा वगळला की उरतात त्या तऱ्हा म्हणजे हीच संख्या: २ चा ६४ वा घात, वजा १.

आता अवयव. अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) हे शाळेत घोकलेलं सूत्र वजाबाकीच्या कंसावर पुन्हा पुन्हा लावत गेलं की हातात येतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. तुमचा शेवटचा ५ यातल्या एकाचाच पत्ता देतो.

खरी गंमत शेवटच्या संख्येत आहे. अशा (२ चा १, २, ४, ८, १६, ३२... वा घात, अधिक १) सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असं फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं. पहिल्या पाच आहेतही. सहावीला ६४१ ने भाग जातो, हे ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७३२ मध्ये दाखवलं. तेव्हा कसला संगणक! ताळा दोन ओळींचा आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६, अर्थात ५⁴ + २⁴. पहिल्यावरून ५ × २⁷ ला ६४१ ने भागल्यावर बाकी −१, म्हणून चौथ्या घाताची, ५⁴ × २²⁸ ची, बाकी १. दुसऱ्यावरून ५⁴ च्या जागी −२⁴ ठेवा. मग −२³² ची बाकी १, म्हणजे २³² + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार ६७,००,४१७. इतक्या मोठ्या संख्येला फारशी आकडेमोड न करता कात्री लागते, याला मी तरी गणितच म्हणेन.

"६७००४१७ मूळ कशावरून?" हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे, लेखात त्याला जागा नव्हती. ४२९४९६७२९७ चा कोणताही मूळ अवयव १२८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असावा लागतो. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८९ च्या आत. तिथपर्यंत या साच्यात बसणाऱ्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या उरतात अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. पाच भागाकार, कागदावर. पोरांना वर्गात फळ्यावर करायला लावा.