वर जाणारी वस्तू आडवी नेताना

सावंतवाडीला मावसभावाच्या लग्नात एका काकांनी विचारलं, "सध्या काय करतोस?" मी म्हटलं, "गोव्यात मॅनलिफ्टच्या कंपनीत आहे." काकांनी खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कुठलंच काम हलकं नसतं बाबा. सरकारी बिल्डिंगीत लागलास तर पेन्शन तरी मिळेल." त्या दिवसापासून अख्ख्या भावकीत मी लिफ्टमन आहे. आईने सुरुवातीला थोडी दुरुस्ती करून पाहिली. पण मी नक्की काय करतो हे तिलाही सांगता येत नसल्यामुळे तिने शेवटी "हो, लिफ्टकडेच असतो" असं म्हणायला सुरुवात केली.

तर, मॅनलिफ्ट म्हणजे चार जाडजूड चाकांचा गाडा, त्यावर गरागरा फिरणारा बुरुज, त्यातून निघणारा लांब लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला पिंजरा. पिंजऱ्यात दोन माणसं उभी राहतात आणि साठ फुटांवर जाऊन दिवे बसवतात, रंग देतात, काच पुसतात. पिंजऱ्यात वजन चालतं सव्वादोनशे किलो. आणि मशीनचं स्वतःचं वजन किती? दहा टनांच्या घरात. टोकावरच्या दोन माणसांच्या भाराने सगळा डोलारा पुढे कलंडू नये म्हणून मागे लोखंडाचं भलंमोठं ओझं बसवलेलं असतं. वरच्या दोघांना सांभाळायला खाली दहा टन. सरकारी खात्यात नोकरी केलेल्यांना हे प्रमाण ओळखीचं वाटेल, फक्त तिथे ते उलटं असतं.

हे मशीन आभाळात जातं, पण रस्त्याने जायचं म्हटलं की त्याचा वेग तासाला पाच किलोमीटर. म्हणजे जेवण झाल्यावर शतपावलीला निघालेला माणूस. त्यामुळे त्याला एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचं तर ट्रेलरवर बसवून, नवऱ्या मुलासारखं मिरवत न्यावं लागतं. ही मिरवणूक जमवणं हे माझं काम. रुसवे-फुगवे धरून.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर फोंड्याकडच्या एका देवस्थानच्या अध्यक्षांचा फोन आला. देवळाचं शिखर आणि दीपस्तंभ रंगवायचा होता. आजवर बांबूची परांची बांधून रंगवत आले होते, पण अध्यक्षांचा मुलगा बंगळूरला इंजिनिअर. त्याने फोनवरून समितीला सुरक्षिततेवर व्याख्यान दिलं आणि बांबू बाद झाला. "तुमची ती शिडी पाठवा," अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, "शिडी नव्हे भाई, मॅनलिफ्ट." "तेंच तें. घटस्थापनेआधी काम पुरं होऊंक जाय."

गोव्यातली आमची सगळी मशिनं कामावर होती, साठ फुटी मोकळं होतं ते थेट पुण्याच्या यार्डात. साडेचारशे किलोमीटर.

इथून कागदपत्रांचा अध्याय सुरू होतो. तो मी लवकर आटोपतो, पण एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल नावाचा वाहतुकीचा सरकारी कागद लागतो, आणि त्याला मुदत असते. साध्या मालाला 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. पण माल जर ओडीसी, म्हणजे मापाबाहेरचा असेल, तर दर 20 किलोमीटरला एक दिवस. आमच्या अकाउंटमधल्या नव्या पोराने मशीनचा फोटो बघितला, घाबरला, आणि ओडीसीच्या चौकटीत टिचकी मारून मोकळा झाला. बिलावर तेवीस दिवसांची मुदत आली. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून निघते ती दिवे घाट चढून सासवडला जाते, तो टप्पा तीसेक किलोमीटरचा, तोही एका दिवसात आणि पायी. म्हणजे सरकारदरबारी आमच्या सोळा चाकी ट्रेलरपेक्षा माउलींची पालखी वेगवान!

मी पुण्याला फोन करून यार्डातल्या माणसाला टेप धरायला लावला. रुंदी दोन मीटर एकोणपन्नास. गाडीला दोन मीटर साठपर्यंत चालतं. अकरा सेंटिमीटरने वाचलो. बिल रद्द, नवीन बिल, तीन दिवस. पुढे जे घडलं ते पाहता तेवीसच ठेवले असते तर बरं झालं असतं असं वाटतं, पण ते असो.

ट्रेलरही कुठलाही चालत नाही. आमचं मशीन मिटून बसलं तरी साडेआठ फूट उंच. साध्या ट्रेलरचा पाट जमिनीपासून पाच फुटांवर असतो. दोन्हींची बेरीज साडेतेरा फूट, आणि रस्त्यावर मर्यादा चार मीटरची, म्हणजे तेरा फूट आणि वर जेमतेम एक बोट. म्हणून लो-बेड लागतो. त्याचा पाट तीन फुटांवर, पोट जमिनीला लागतंय की काय असं वाटावं असा. साहेबांनी विचारलं, "साध्या ट्रेलरवर चार-पाच इंचांनी काय होतं?" मी म्हटलं, "साहेब, पुलाखालून जाताना कळेल." लो-बेड मंजूर झाला. पोटाचं काय होणार, हे तेव्हा माझ्याही डोक्यात नव्हतं.

ड्रायव्हरमामा बीडचे. पुण्याहून निघाल्यावर त्यांनी मला लोकेशन पाठवलं आणि तो निळा ठिपका बघत बसणं हा माझा पूर्णवेळ धंदा झाला. ठिपका कोल्हापूरला जेवला, बेळगावला झोपला, खानापूर ओलांडलं, रामनगरला आला आणि तिथेच थिजला. दोन तास. चार तास. अध्यक्षांचा फोन, "शिडी खंय पावली?" मी म्हटलं, "घाटात आहे." खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं. अनमोडच्या जंगलात मोबाईलला रेंज नसते, एवढंच ठाऊक होतं. घाटात गाडी बंद पडली असेल का, मशीन दरीत गेलं असेल का, विमा कितीचा आहे, असले विचार करत मी मोटारसायकलला किक मारली आणि घाटाखाली मोलेला जाऊन उभा राहिलो.

रात्री साडेनऊला मामा उतरले. गाडी बाजूला घेतली आणि मला नमस्कारही न करता हातात टामी घेऊन पाटावर चढले. पुढची पंधरा मिनिटं जे बघितलं ते कंपनीच्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मला बघायला मिळालं नाही. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, प्रत्येकीला आवळायचा बाइंडर. घाटाच्या वळणांनी साखळ्या ढिल्या होतात. मामा एकेका साखळीवर टामीने हलकेच टोला मारत आणि कान लावून ऐकत. भद्द आवाज आला की बाइंडर आवळत, पुन्हा टोला, पुन्हा कान. टण्ण वाजली की पुढची साखळी. तंबोरा लावावा तसं चाललं होतं. आणि आमच्या या गाण्याच्या मुलखात तंबोऱ्याचं कौतुक कोणाला सांगायचं! पुढच्या उजव्या साखळीवर ते बराच वेळ अडले. शेवटी म्हणाले, "ही जरा उतरतीय." आवळली. टण्ण.

मग बुरुज फिरू नये म्हणून घातलेली खीळ हाताने चाचपली, पिंजऱ्याखालचा लाकडी ठोकळा लाथेने हलतो का बघितला. पिंजऱ्यावरून साखळी का टाकली नाही विचारलं तर माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "म्हैस नेताना दोरी गळ्यात बांधत्यात का शेपटाला?" मशिनाच्या पुस्तकातही हेच लिहिलंय, पिंजरा आवळू नका, हात वाकतो. पण पुस्तकाला म्हैस सुचलेली नाही.

सकाळी तिस्क, फोंडा पार करून आम्ही देवळाच्या फाट्यावर आलो. फाट्यापासून देऊळ दोन किलोमीटर. दोन्ही बाजूंना कुळागरं, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागा, मधून पाटाच्या पाण्यासारखा वळत गेलेला रस्ता, आणि सुरुवातीलाच पंचायतीने मनापासून घातलेला गतिरोधक. पुढची चाकं चढून गेली, मागची अजून यायची होती आणि लो-बेडचं पोट मधोमध गतिरोधकावर टेकलं. पुढे जाईना, मागे येईना. धनगराच्या मेंढरासारखी मागे वाहनं साचली. त्यात कदंबाची बस, शाळेची बालरथ, मासेवाली. मासेवालीने गाडीला एक फेरी मारली आणि निकाल दिला, "पोट खूब सकयल आसा." म्हणजे पोट फारच खाली आहे.

जॅक लावून, खाली फळ्या सारून ट्रेलर मागे घ्यायला दीड तास गेला. मामा म्हणाले, "मी आत येनार नाही. मशीन हितंच उतरवा." दोन किलोमीटर मशीन स्वतःच्या चाकांनी न्यायचं ठरलं. रात्रीच्या गाडीने आलेला ऑपरेटर, बावीस वर्षांचा पोरगा, पिंजऱ्यात चढला. हे मशीन चालवायचं ते पिंजऱ्यातूनच, पायाखालचं पेडल दाबून धरून. पाय उचलला की मशीन थांबतं.

वीज खात्याच्या वायरमनला विनवून तासाभरासाठी लाइन बंद करून घेतली. उरल्या केबल टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या वायरी, घराघरांतून झोपाळ्यासारख्या लोंबणाऱ्या. गावातल्या चार पोरांनी सुके बांबू आणले, टोकाला बेचकं ठेवून, आणि ते पुढे चालून वायरी उचलू लागले. मग मशीन निघालं. पुढे बांबूवाले, मागे पिंजऱ्यात उभा ऑपरेटर, त्यामागे मी, माझ्यामागे अध्यक्ष, समिती, शाळा बुडवलेली पोरं, आणि वेग बरोबर पालखीचा. दारादारांतून बायका बाहेर आल्या. एका आजीने नेमकं काय आहे याची चौकशी न करता हात जोडले. मशीन थोडं कललं की ते पीं पीं करतं, त्या आवाजावर एक म्हातारा मला म्हणाला, "शंखापेक्षां बरो वाजता."

शिखर आणि दीपस्तंभ मिळून काम झालं दीड दिवसात. रंगारी खाली उतरला, म्हणाला वरून झुआरी नदी दिसते. दिसत असेल.

आता परत न्यायचं. मामा हुबळीच्या भाड्याला निघून गेले होते आणि नवरात्रात दुसरा लो-बेड मिळेना. मशीन अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासाच्या कडेला, आंब्याखाली उभं राहिलं. मखरोत्सव सुरू झाला. रोज रात्री देवी मखरात झुलायची, आरतीला तोबा गर्दी, आणि गर्दी पांगली की लोक मशीन बघायला यायचे. कोणी चाकाला टेकून मोबाईल बघायचं, कोणी पोराला कडेवर घेऊन फोटो काढायचं. चाव्या माझ्या खिशात होत्या, म्हणून मी निर्धास्त होतो. खंडेनवमीला गावातल्या पॉवर टिलरबरोबर त्याचीही पूजा झाली. पिंजऱ्याला झेंडूचा हार, चाकांना गंधाची बोटं, मागच्या वजनावर हळदीचं स्वस्तिक. मला अध्यक्षांनी फोटो पाठवला. मी तो साहेबांना पाठवला. साहेबांनी हात जोडलेल्या चिन्हाबरोबर विचारलं, "भाड्याचं बिल दसऱ्यापर्यंतचं लावलं का?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा फाट्यावर हजर. ऑपरेटर पुन्हा रात्रीच्या गाडीने आला, वायरमन आला, बांबूवाले आले. किल्ली फिरवली. मशीन ढिम्म. ना दिवा, ना आवाज. पुण्याच्या मेकॅनिकला फोन लावला. तो एकेक सांगत गेला, मी एकेक बघत गेलो. बॅटरीच्या तारा घट्ट. फ्यूज शाबूत. डिझेल अर्धी टाकी. "लाल बटण दाबलेलं नाही ना?" "नाही," मी म्हटलं. मशीनच्या अंगावरचं लाल बटण मी स्वतः बघितलं होतं. फाट्यावरून मामांचा दर पंधरा मिनिटांनी फोन, की खोळंब्याचे पैसे चालू झाले आहेत. वायरमन घड्याळ बघत होता. आंब्याखाली गाव जमलं होतं आणि प्रत्येकाकडे एक निदान होतं. बहुतेकांचं दृष्ट.

अडीच तासांनी मेकॅनिक थकून म्हणाला, "साहेब, दोन लाल बटणं असतात. एक खाली, एक पिंजऱ्यात. पिंजऱ्यातलं बघितलंत का?"

मी पिंजऱ्याशी गेलो. झेंडूचा हार सुकून पॅनेलवर पडला होता. तो उचलला. खाली छत्रीसारखं गोल लाल बटण होतं, त्यावर तितकंच लाल कुंकू, आणि बटण आत गेलेलं.

मागून भटजी पुढे आले. "तें मी लायलेलें," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी मराठीवर आले. "सगळ्या यंत्राला कुंकू लावलं, पण तांबडं, मधोमध, म्हणून मुख्य स्थान तेच वाटलं. जरा दाबून लावलं, तर टक्क करून आत गेलं. मला वाटलं, कौल मिळाला."

फोन स्पीकरवर होता. "साहेब," मेकॅनिक म्हणाला, "ते उजवीकडे फिरवा, बाहेर येईल."

"उजवीकडे?" भटजींचा चेहरा उजळला. "बघा, म्हणजे उजवाच कौल."