मुदत गेली? मग आता घाई कसली!

शिक्षा झाली की दुसऱ्या दिवशी अपील घेऊन उच्च न्यायालयाकडे धावणारे लोक उतावळे. कायद्याने ६० दिवस दिले आहेत, ते झोपायलाच दिलेत असे समजा. (सत्र न्यायालयात अपील करायचे असेल तर ३०च मिळतात, झोप जरा आवरती घ्या.) आणि दिवस मोजू नका, 'दोन महिने' म्हणा. निकाल ३० जूनचा असेल, तर तो दिवस सोडून ६० दिवस २९ ऑगस्टला भरतात. तुम्ही ३० ऑगस्टला ऐटीत जा. एका दिवसाच्या उशिरालाही अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि सुनावणी लागतेच, मग एकाच दिवसावर का थांबायचे?

निकालाच्या नकलेचा अर्ज मुदत संपल्यावरच करा. मुदतीत केला तर नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वजा होतात आणि मेहनतीने जमवलेला उशीर आटतो. चुकून अर्ज केलाच असेल, तर तयार झालेली नक्कल आणायला जाऊ नका. ते दिवस वजा होत नाहीत. अर्ज कधी, तयार कधी, नेली कधी, हे शेवटच्या पानावरचा शिक्का न विचारता सांगतो.

आता विलंब माफीचा अर्ज. त्याच कायद्याच्या कलम ५ ला उशिराचे 'पुरेसे कारण' हवे असते. ताप उत्तम. मात्र तो मुदतीच्या शेवटच्या दिवशी चढला पाहिजे आणि अपील दाखल करण्याच्या आदल्या संध्याकाळी उतरला पाहिजे. डॉक्टरांचा दाखला तसाच घ्या. ताप नको असेल तर आधीच्या वकिलांवर ढकला, फक्त त्यांचे प्रतिज्ञापत्र जोडू नका, ते खरे बोलून बसायचे. अर्जात उशीर ७२ दिवसांचा लिहा, प्रतिज्ञापत्रात ७४. न्यायालयाचे कार्यालय ७५ काढेल आणि त्रुटी दूर करण्यात आणखी काही आठवडे सुखाने जातील.

तुम्ही सरकार असाल तर कारणाचीही गरज नाही, फाइलचे प्रवासवर्णन पुरते: मत मागवले, मत आले, टिपणी वर गेली, शेऱ्यासह खाली आली. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २५,००० रुपये बसवले आणि ते जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. अशी प्रकरणे फेटाळल्याचा कागद मिळवण्यासाठीच येतात, हेही न्यायालयाने ओळखले. कागद मात्र मिळाला. तो फाइलला लावा, 'न्यायालयाने नाकारले' असा शेरा मारा.

कैद्याला यातले काही जमत नाही. त्याचे अपील तुरुंगाधिकाऱ्यामार्फत जाते आणि विलंब माफ होईपर्यंत शिक्षा स्थगितीचा अर्ज सहसा ऐकला जात नाही. शिक्षा दोन वर्षांची असेल तर विलंब माफीची नोटीस, उत्तर आणि तीन-चार तारखा एवढ्यात ती बरीचशी भोगून होते. मग युक्तिवादाला मुद्दाच उरत नाही, वकिलांचाही वेळ वाचतो.