डिस्नेचा टाइमशेअर विकताना पैसे बुडतात? नाही

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘डिस्ने व्हेकेशन क्लबचा टाइमशेअर विकायला काढला की कंपनी मधेच हिसकावून घेते, ठरलेले पैसे बुडतात.’ हे चुकीचं आहे. (टाइमशेअर म्हणजे सुट्टीच्या ठिकाणी दरवर्षी ठरावीक काळ राहण्याचा विकत घेतलेला हक्क; डिस्नेकडे तो पॉइंटांमध्ये मोजतात.)

कंपनीकडे ‘राइट ऑफ फर्स्ट रिफ्युजल’, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाच्या आधी स्वतः विकत घेण्याचा हक्क असतो, हे खरं. पण तो वापरायचा तर तुमच्या गिऱ्हाइकाने कबूल केलेल्याच भावाने आणि अटींवर. समजा, 150 पॉइंटांचा सौदा पॉइंटमागे 90 डॉलरने ठरला. गिऱ्हाइकाऐवजी कंपनीने घेतला, तरी भाव 13,500 डॉलरच. हात चोळत बसतं ते गिऱ्हाईक. त्याने हौसेने विमानाची तिकिटं काढून ठेवली असतील तर विचारूच नका.

काहींना उलटंच वाटतं, की कंपनीला टाइमशेअर घ्यावाच लागतो. छे! हा हक्क आहे, बंधन नाही. गिऱ्हाईक तुम्हीच शोधायचं, सही झालेला करार कंपनीकडे जाणार, मग उत्तराची वाट बघायची. तोवर व्यवहार पुरा होत नाही, एवढाच काय तो खोळंबा.

‘आधी फी भरा, कंपनीचा होकार आणून देतो’ असा फोन आला, तर मात्र सरळ ठेवून द्या.