लाल दोरी आणि तिथीची पाऊणपट

मी मूळचा पेडणे तालुक्यातला, गेली कित्येक वर्षे साउदॅम्प्टनला राहतो. पण गोव्यातील बातम्या वाचल्याशिवाय सकाळचा चहा उतरत नाही. हौसेने खासगी बोटी घेणाऱ्यांविषयीचा वाद त्या बातम्यांत अधूनमधून उसळतो. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईत गेटवेहून एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ फेरीबोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून 15 जणांचा जीव गेला, तेव्हाही तो उसळला. वास्तविक ती स्पीडबोट इंजिनाच्या चाचणीवर होती आणि हौशी मालकांचा त्या दुर्घटनेशी काही संबंध नव्हता. या वादात एक पक्ष म्हणतो की खासगी बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला परवाना सक्तीचा करा, परदेशात तसेच असते. दुसरा म्हणतो की नदीकाठी जन्मलेल्या माणसाला होडी चालवायला कोणी शिकवायची गरज नाही. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे अपुरे वाटते, कारण नव्या मालकाला नेमके काय शिकवायचे आणि कोणी, हा प्रश्न दोघेही टाळतात.

आधी परदेशाचा दाखला तपासू. मी राहतो त्या ब्रिटनमध्ये स्वतःची लहान बोट मौजेसाठी समुद्रात नेणाऱ्याला कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. आज पैसे मोजले की उद्या सोलंटच्या खाडीत उतरता येते. कॅनडात 2009 पासून इंजिनाची बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला क्षमतेचा पुरावा जवळ ठेवावा लागतो, पण त्यासाठीचे कार्ड घरबसल्या संगणकावर परीक्षा देऊन मिळते. टोरांटोला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याने ते एका रविवारी मिळवले, आणि त्या दिवसापर्यंत त्याने सुकाणूला हातही लावलेला नव्हता. तेव्हा ‘परदेशात तसेच असते’ असे सांगणाऱ्याला कोणता परदेश, हे विचारायला हवे.

सक्ती नसूनही ब्रिटनमधील बरेच नवे मालक शिकतात. विमा कंपन्या प्रमाणपत्राची चौकशी करतात हे एक कारण, आणि धक्क्यावर शेजाऱ्याच्या बोटीला धडक दिली तर तोंड दाखवायला जागा उरत नाही हे दुसरे. मी केलेला अभ्यासक्रम दोन दिवसांचा होता. एका बोटीत एक शिक्षक आणि आम्ही तिघे विद्यार्थी. वेगाने जाणे कोणालाही जमते, शिकावे लागते ते थांबणे. बोटीला ब्रेक नसतो, आणि ती मोटारीसारखी पुढून न वळता मागून वळते, म्हणून नाक धक्क्यापासून दूर नेऊ गेले की शेपूट धक्क्यावर आपटते. पहिल्या दिवशी मी ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध धक्क्याला लागण्याचा सराव इतक्या वेळा केला की संध्याकाळी मनगट दुखू लागले होते.

शिक्षकाचा सर्वांत मोठा हट्ट मात्र लाल दोरीचा होता. ही गुंडाळीदार दोरी गुडघ्याच्या वर मांडीभोवती फिरवून तिची कडी तिच्यातच अडकवायची आणि दुसरे टोक इंजिनाच्या खटक्याला लावायचे; चालक पाण्यात फेकला गेला की खटका निघतो आणि इंजिन बंद पडते. ती बांधण्यापूर्वी माझा हात किल्लीकडे गेला की तो गृहस्थ एक शब्द न बोलता माझा हात बाजूला करी. मे 2013 मध्ये कॉर्नवॉलमधील पॅडस्टोजवळ एका कुटुंबातील सहाही जण अशा बोटीतून पाण्यात पडले. दोरी बांधलेली नव्हती, त्यामुळे रिकामी बोट त्यांच्यातच गोल फिरत राहिली आणि वडील व एक लहान मुलगी दगावली.

आता घरची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने साठ अश्वशक्तीचे इंजिन लावलेली जुनी फायबरची बोट घेतली. विकणाऱ्याने पंधरा मिनिटांत गिअर आणि थ्रॉटल दाखवले, लाल दोरी खटक्याला तशीच लटकत सोडली, आणि हात मिळवून तो निघून गेला. मी सुट्टीवर आलो होतो. मार्गशीर्षातली पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. द्वितीयेच्या दुपारी चारला आम्ही चोपड्याहून शापोरा नदीच्या मुखाकडे निघालो आणि मोरजीच्या अलीकडे पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर बोटीसकट रुतून बसलो. माझे ब्रिटिश प्रमाणपत्र पाकिटात होते. जाळे आवरून परतणाऱ्या एका वयस्क मच्छीमाराने आम्हाला पाहिले आणि कोकणीत विचारले, आज तिथी कोणती? तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायची, म्हणजे द्वितीयेला दीड वाजता, आणि आपल्याकडे ती त्याहून थोडी आधीच येते, असा त्याचा हिशेब. उधाणाच्या सुकतीला, म्हणजे पाणी ओसरत असताना, नदीच्या तोंडावर जायचेच कशाला? आम्ही रात्री नऊच्या सुमारास तरंगलो.

सोलंटमध्ये भरतीची वेळ छापील तक्त्यात असते आणि उथळ जागा नकाशावर. आपल्याकडे पावसाळा नदीमुखाची वाळू इकडची तिकडे करतो, हा फरक कोणत्याही परदेशी अभ्यासक्रमात नाही. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा दांडा असल्यामुळे पावसाळ्यात खनिजाचे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीकडे वळवत, हे ज्याला माहीत आहे त्याला दांड्याचा धाक वेगळा शिकवावा लागत नाही. असे जाणकार गोव्यात पुष्कळ आहेत. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा बार्ज चालवणारे किती सारंग आणि त्यांचे खलाशी घरी बसले! भरलेला बार्ज थांबायला किती अंतर घेतो, हे त्यांच्याइतके नेमके कोण सांगणार? करंझाळेला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तेथे बोट हाताळण्याचे शिक्षण मिळते. पण हौशी मालक तिकडे वळत नाही, कारण ते पर्यटन व्यवसायात नोकरी धरणाऱ्यांसाठी आहे असे त्याला वाटते.

मच्छीमारांची तक्रारही या वादात नीट ऐकली जात नाही. नावशीच्या मरीनाला, म्हणजे खासगी बोटींच्या तळाला, त्यांचा विरोध आहे तो जागेसाठी, पण किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या माझ्या ओळखीच्या रापणकारांना रोज छळतात त्या लहान होडीजवळून भरधाव जाणाऱ्या बोटीच्या लाटा, आणि जाळ्याची खूण असलेला बाटलीचा तरंड न ओळखता जाळ्यावरून गेलेला इंजिनाचा पंखा. ही तक्रार परवान्याने मिटणार नाही. ज्याने एकदा जाळे टाकणाऱ्याशेजारी बसून चार तास काढले, तो आपोआप वेग कमी करील. म्हणून मला वाटते, बंदर कप्तान खात्याने बोटीची नोंदणी करतानाच नव्या मालकाला त्याच नदीवर, तिथल्याच सारंगाबरोबर किंवा मच्छीमाराबरोबर आठ रविवार फेऱ्या मारायला लावाव्यात आणि शिकवणाऱ्याला त्याचे रीतसर मानधन मिळावे. ब्रिटनमध्ये दोन दिवसांसाठी मी काहीशे पौंड मोजले; साठ अश्वशक्तीचे इंजिन घेणाऱ्याला आठ रविवारांची मजुरी जड जाऊ नये.

मावसभावाने ती दिली. त्याला शिकवणारा सारंग वीस वर्षे मांडवीवर बार्ज चालवून निवृत्त झालेला, आणि लाल दोरी त्याने याआधी कधी पाहिलेली नव्हती. ती कशी बांधायची ते मी त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवले. त्याने ती दोनदा ओढून पाहिली, इंजिन बंद पडल्यावर मान हलवली, आणि मला विचारले, तिकडे आज तिथी कोणती?