पलंगाखालून प्रवासवर्णन

खोलीतल्या खोलीत प्रवास करावा, हा विचार मला फार आवडतो. तिकीट नाही, सामान नाही, सहलीतल्या अंताक्षऱ्या नाहीत. दार लोटलं आणि पलंगावरून निघाले.

समोर डोंगर. त्याच्या आत खुर्ची आहे असं म्हणतात. धुतलेले पण घडी न घातलेले आणि एकदाच घातलेत म्हणून धुवायला न टाकलेले, असे कपड्यांचे थर एकावर एक चढलेत. उकरत गेलं की मागचे ऋतू लागतात. तळाशी स्वेटर सापडला, म्हणजे मी हिमयुगात पोचले होते. मनातल्या मनात बर्फात काठी रोवली, शिखराकडे पाहिलं आणि...

"आई, माझा चार्जर कुठंय?"

चार्जर दिला. मोहीम पुन्हा सुरू. या वेळी पलंगाखालचं वाळवंट निवडलं. तिथे धुळीचे गोळे आपोआप सरकतात. उंटांचा तांडा दिसायला लागला. पालथी होऊन, कोपरांवर रांगत मी त्याच्यामागे निघाले, तोच दारात नवऱ्याचे पाय.

"अगं, पलंगाखाली काय करतेयस?"

"प्रवास."

"बरं, तिकडे गेलीच आहेस तर माझी एक चप्पल दिसतेय का बघ."

दिसली. पण उंट गेले.

या विद्येचा आद्य पुरुष झाव्हिए द मेस्त्र. द्वंद्वयुद्ध केलं म्हणून १७९० साली या लष्करी अधिकाऱ्याला तुरीनमध्ये ४२ दिवस खोलीत अडकवून ठेवलं, तर पठ्ठ्यानं खोलीचंच प्रवासवर्णन लिहिलं. अक्षांशासकट! भिंतीच्या कडेनं घेर छत्तीस पावलं, हेही नमूद केलंय. (माझ्या भिंतीच्या कडेनं चालायचं तर आधी कपाट हलवावं लागेल.) पण त्याच पुस्तकात जोआनेत्ती नावाचा नोकरही आहे. मालक लोळत चिंतन करतोय आणि हा कॉफी आणून देतोय! तत्त्वज्ञ कांटचंही तेच. कोनिग्सबर्ग सोडून फारसा कुठे गेला नाही; पण लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं वर्णन इतकं हुबेहूब करायचा की एका इंग्रजानं विचारलं म्हणे, लंडनमध्ये किती वर्षं होतात? कौतुकच आहे. मात्र त्याला पहाटे पाचला उठवायला लाम्पे नावाचा नोकर होता. लाम्पेच्या कल्पनेतल्या प्रवासाबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं दिसत नाही.

म्हणजे कल्पनाशक्ती माझ्याकडे भरपूर आहे. कमी आहे ती शिक्षा. बाहेरून दार बंद, आत कुणाला प्रवेश नाही, आणि जेवण वेळेवर. ४२ दिवसही नकोत, एक रविवार पुरे.

नवऱ्याला विचारलं, "माझ्याशी द्वंद्वयुद्ध करतोस?"

त्यानं कारण ऐकून घेतलं, थोडा विचार केला.

"करू की," म्हणाला, "पण शिक्षा मला होऊ दे."