समुद्राचं पाणी आणलं म्हणून टाकी तयार होत नाही

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. कोकणातल्या माणसाला खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय म्हणजे हातचा मळ, असं त्यात लिहिलं होतं. किनाऱ्यावरून पाणी आणा, तुरटी फिरवा, दुसऱ्या दिवशी मासे सोडा. टाकी महिनाभर माशांविना ठेवून ‘सायकल’ करणं, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू आधी वाढू देणं, हे दुकानदारांनी काढलेलं खूळ. सुरुवातीला एक-दोन मासे मरतातच, घाबरू नका. पाणी तापलं तर बर्फ टाका, आटलं तर समुद्राचंच भरा. जिवंत दगड, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वाढलेले प्रवाळांचे दगड, मालवणला फुकट मिळतात.

असले मेसेज मी एरवी सोडून देतो. पण वेंगुर्ल्याच्या माझ्या बहिणीने हा वाचून लेकीच्या वाढदिवसाला शंभर लिटरची टाकी लावली. चौथ्या दिवशी भाचीचा फोन आला, “मामा, मासो वर येऊन तोंड उघडता, तेका भूक लागली काय?” कुडाळहून मी पोचेपर्यंत दोन क्लाउनफिश गेले होते. तिसरा पंपाच्या धारेखाली तोंड वर करून होता, कल्ले भराभर हलत होते. पाणी अगदी नितळ. टेस्ट किटच्या नळीत ते घेतलं, थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते पाच मिनिटांत गर्द हिरवं झालं.

तो अमोनिया. तो डोळ्यांना दिसत नाही आणि तुरटीने खाली बसत नाही. उलट तुरटी पाण्याची अल्कलिनिटी खाते, म्हणजे पीएच सांभाळायची ताकदच कमी करते. तिचा विषय इथेच संपला.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. हे दुकानदारांचं खूळ म्हणणाऱ्याने एवढं लक्षात घ्यावं की ही दोन कामं वेगवेगळे जिवाणू करतात हे सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास दाखवून दिलं. हे जिवाणू वाळूला, दगडाला, फिल्टरमधल्या स्पंजला चिकटून राहतात. पाण्यात सुटे फार थोडे असतात, म्हणून कॅन भरून समुद्र घरी आणला तरी ते पुरेसे येत नाहीत. शिवाय ते सावकाश वाढतात. नव्या टाकीत साधारण चार ते सहा आठवडे लागतात ते त्यामुळेच.

खाऱ्या पाण्यात ही घाई जास्तच महागात पडते. अमोनियाचा खरा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. पीएच ७ला तो असतो त्याच्या दहापटीहून जास्त ८.२ला होतो, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२च्या आसपासच असतो.

“मासे मरतातच” हे वाक्य मला सगळ्यात लागलं. दहा वर्षांची मुलगी आपण खायला कमी घातलं म्हणून रडत होती. एकही मासा मरायची गरज नव्हती. जिवाणूंना अमोनिया हवा, तो शुद्ध नवसागरातून देता येतो. तेही नसेल तर बाजारातलं एक सुंगट (कोळंबी) जुन्या मोज्यात बांधून टाकीत सोडायचं, कुजलं की अमोनिया होतो. घरात वास येतो, तो सोसायचा. मग रोज मोजायचं. अमोनिया चढतो, उतरतो, मागून नायट्राइट चढतो, तोही उतरतो. दोन्ही शून्यावर येऊन टिकले की बरंचसं पाणी बदलायचं आणि एकच मासा सोडायचा.

समुद्राचं पाणी वापरता येतं हे मात्र मान्य करावं लागेल. ते चांगलंच असतं, पण जेटीपासून आणि खाडीच्या मुखापासून लांबचं, उघडिपीतलं, गाळून घेतलेलं. पावसाळ्यात कर्ली नदीच्या मुखाजवळचं पाणी आणाल तर निम्मा गाळ आणि गोडं पाणी. आपल्याकडे हीटर सहसा लागत नाही हेही खरं.

चिलरला, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राला, पर्याय म्हणून बर्फ मात्र नको. त्या टाकीत दुपारी ३२ अंश होते, पहाटे २८. पाहिजेत २५ ते २७. समुद्रही मे महिन्यात तापतो, पण हळूहळू. बारा तासांत चार अंश वरखाली होत नाही. किलोभर बर्फ शंभर लिटर पाणी जेमतेम एका अंशाने उतरवतो. म्हणजे रोज पाच किलो बर्फ, पाच लिटर गोडं पाणी, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. त्यापेक्षा टाकी कौलांच्या उन्हातून हलवा, पाण्यावर पंखा सोडा. दमट हवेत त्याचा असर कमी पडतो, मग चिलरला इलाज नाही. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो.

पंख्याने उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. शंभर लिटरमध्ये साडेतीन किलोच्या आसपास मीठ असतं. रोज दोन लिटर समुद्राचं पाणी भरलंत तर पंधरवड्यात आणखी किलोभर गेलं. आटलेलं पाणी आरओच्या गोड्या पाण्यानेच भरायचं.

आणि मालवणचे दगड. मालवण सागरी अभयारण्य १९८७ सालापासून आहे. दगड बांधणारी प्रवाळं २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ज्या अनुसूचीत वाघ आहे त्याच. असा दगड उचलून आणणं हा गुन्हा आहे. तो मेसेज मुलांच्या ग्रुपवर पुढे पाठवू नका.

तिसरा मासा मी डब्यातून माझ्या टाकीत आणला, तो आता खातोय. वेंगुर्ल्याच्या टाकीत सुंगट टाकलंय. भाची रोज वहीत आकडे लिहिते. काल तिने कळवलं, अमोनिया शून्य, नायट्राइटची नळी अजून जांभळी, म्हणजे तो अजून उतरलेला नाही.