आणीबाणी नसती तर ऑपरेशन कोणाचं झालं असतं?

२५ जून जवळ आला की फेसबुकवर 'आणीबाणी लागलीच नसती तर' सुरू होतं. जनता पक्ष झाला नसता, मोरारजी पंतप्रधान झाले नसते, आपल्याकडे पुलोदचा (शरद पवारांच्या १९७८ च्या आघाडी सरकारचा) प्रयोग झाला नसता, संघवाले आणि समाजवादी येरवड्याच्या तुरुंगात शेजारी-शेजारी राहिले नसते. असेल. पण हा सगळा हिशोब पुढाऱ्यांच्या नशिबाचा झाला. मला घराघरातला एक फरक त्याहून मोठा वाटतो. आणीबाणी नसती तर आज कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन पुरुषही बऱ्यापैकी करून घेत असते.

हसू नका. साठच्या दशकात सरकारी मोहिमेचा भर पुरुषांच्या नसबंदीवरच होता. जुलै १९७१ मध्ये केरळात एर्नाकुलमच्या एका शिबिरात महिनाभरात ६० हजारांहून जास्त पुरुषांनी ती करून घेतली. पैशांचं आणि वस्तूंचं आमिष होतंच, तेव्हा ते रामराज्य होतं असं मी म्हणत नाही. पण पुरुष रांगेत उभे राहत होते.

मग आणीबाणीतलं १९७६-७७ हे वर्ष आलं. देशात ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया, त्यातल्या ६० लाखांवर पुरुषांच्या. मास्तरांनी टार्गेटप्रमाणे 'केसेस', म्हणजे नसबंदीसाठी माणसं, आणायच्या, नाहीतर पगार अडकणार. उत्तरेत तर पोलीस घेऊन गावं उठवली. आणि आपण महाराष्ट्रातले लोक हे सगळं संजय गांधींच्या आणि युपीच्या खाती टाकून मोकळे होतो. पण तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचं विधेयक १९७६ मध्ये मंजूर करणारं देशातलं पहिलं विधिमंडळ आपलंच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो.

१९७७ च्या निवडणुकीत उत्तरेत काँग्रेस झोपली आणि सगळ्याच पक्षांनी धडा घेतला. धडा कोणता? तर पुरुषाला हात लावायचा नाही. सक्ती वाईट, हा धडा घेतला असता तर बाईलाही टार्गेटमधून सोडवलं असतं. तसं झालं नाही, टार्गेट तिच्याकडे सरकलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. नवऱ्याचं झालंय अशा किती? ०.३ टक्के. शंभरात एकही नाही!

वैद्यकीय दृष्टीने हे उफराटं आहे. पुरुषाचं काम जागा बधिर करून काही मिनिटांत होतं, तो त्याच दिवशी घरी जातो. बाईचं पोट उघडावं लागतं, किंवा निदान दुर्बीण आत घालावी लागते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ बायका उरकल्या आणि त्यातल्या दहाहून जास्त दगावल्या.

कुणी म्हणेल, दुर्बिणीचं तंत्र सत्तरच्या दशकातच आलं, बायकांकडे कल तसाही वळला असता. आणि आपल्या पुरुषांना 'अशक्तपणा येतो, जड काम होत नाही' हे कारण आणीबाणीने शिकवलं नव्हतं. दोन्ही मुद्दे मान्य. समान वाटणी झाली असती असा माझा दावाच नाही. पण ३८ विरुद्ध ०.३? एवढी दरी नुसत्या तंत्राने आणि पुरुषी अहंकाराने पडत नाही. त्यासाठी एका पिढीच्या मनात नसबंदी आणि पोलिसांची गाडी एकत्र बसावी लागते.

आता कमेंटमध्ये इंदिराबाई विरुद्ध जेपी (जयप्रकाश नारायण) खुशाल सुरू करा. पण त्याआधी तुमच्या घरात ऑपरेशन कोणाचं झालं आणि ते कोणी ठरवलं, तेवढं लिहा.